डायकिरीतले पाणी

६० मिली पांढरी रम, २० मिली ताज्या लिंबाचा रस, दोन बार-चमचे अगदी बारीक साखर; बर्फासह शेकरमध्ये जोरात हलवावे आणि थंडगार प्याल्यात गाळून घ्यावे. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेने मान्य केलेली डायकिरीची संहिता एवढीच आहे. घरी अभिजात कॉकटेल करण्याचा छंद ज्यांना जडतो, ते आरंभी बाटल्यांच्या मागे धावतात, कडवट बिटर्स आणि रंगीत लिक्युअर गोळा करतात, आणि मग कधीतरी या तीन घटकांपाशी येऊन मुक्काम करतात. इथे चूक झाकायला काही नाही. लिंबू शिळे असेल तर ते कळते, साखर अर्धवट विरघळली असेल तर जिभेला रवाळ लागते, रम सामान्य असेल तर तीही स्पष्ट ऐकू येते. इतकी छोटी संहिता वाचताना आपण शब्दाशब्दावर रेंगाळायला हवे, आणि तसे रेंगाळलो की एक नवल ध्यानात येते: प्याल्यात जे भरपूर आहे, ज्याच्यावाचून हे पेय घशाखाली उतरणार नाही, त्याचा उल्लेखच या ओळींत नाही. तो घटक म्हणजे पाणी.

पूर्वी असे नव्हते. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने विचारले की कॉकटेल म्हणजे काय, तेव्हा संपादकाने मद्य, साखर आणि बिटर्स यांच्या बरोबरीने पाण्याचेही नाव घेतले होते. डायकिरीच्या जन्माशी ज्याचे नाव जोडले जाते तो जेनिंग्ज कॉक्स हा अमेरिकन खाण-अभियंता. पूर्व क्यूबात सांतियागोजवळच्या दाइकिरी या गावालगत लोखंडाच्या खाणी होत्या आणि १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या आगेमागे तो तिथे काम करत होता. त्याच्या हस्ताक्षरातली म्हणून जी कृती दाखवली जाते, ती सहा जणांसाठी आहे, आणि तिच्यात चुरलेल्या बर्फाखेरीज दोन लहान पेले मिनरल वॉटर वेगळे मोजून घातलेले आहे. मला त्या कागदातला सर्वांत हृद्य तपशील हाच वाटतो. उन्हाने रापलेल्या माणसांसाठी पेय करणाऱ्या त्या यजमानाला ठाऊक होते की पाणी हा पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे.

पुढे पाणी कागदावरून उतरले आणि बर्फात जाऊन बसले. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात घालून पहिल्यांदा मार्तिनीकला धाडला तो १८०६ मध्येच, म्हणजे कॉकटेलची ती व्याख्या छापली गेली त्याच वर्षी. पुढे त्याच व्यापारातला बर्फ हवानाला गेला, १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि मुंबईलाही पोचला. उष्ण प्रदेशात बर्फ सुलभ होत गेला तसतसा पेयातल्या पाण्याचा कारभार त्याच्याकडे सोपवला गेला, आणि संहितेतून पाण्याचे नाव गळाले. आज आपल्या फ्लॅटमधल्या फ्रीजमध्ये जो ट्रे पडून असतो, त्याच्याकडे या दृष्टीने पाहायला हवे.

पण पाण्याकडे वळण्याआधी लिंबू हातात घेऊ या, कारण या पेयाचा सूर तेच लावते. परदेशातल्या बारमध्ये आज बहुधा वापरतात ते मोठे, बिनबियांचे, जाड सालीचे पर्शियन लिंबू. त्याचा प्रसार विसाव्या शतकातला. कॉक्सच्या काळच्या क्यूबातले लिंबू मात्र लहान, गोल, बियांनी भरलेले आणि पातळ सालीचे होते. म्हणजे आपले कागदी लिंबूच. मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या बाजूचे हे फळ अरबांच्या हातून भूमध्य सागराकडे गेले आणि तिथून स्पॅनिश जहाजांनी कॅरिबियनमध्ये पोचले. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस आणि लिंबूवर्गीय फळांच्या बिया दोन्ही होत्या. रम ज्या उसापासून होते तोही पूर्वेकडूनच गेलेला. म्हणून पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या घरी भाजीबाजारातल्या लिंबावर डायकिरी केली जाते, तेव्हा ती कुठल्या तरी दूरच्या पेयाची नक्कल राहत नाही; उलट लंडनमधल्या झगमगीत बारपेक्षा ती मूळ चवीच्या अधिक जवळ असण्याचा संभव असतो. कागदी लिंबाची आंबटाई धारदार असते आणि तिच्या मागे सालीतल्या तेलाचा एक हिरवा, किंचित फुलांकडे झुकणारा दरवळ येतो, जो पर्शियन लिंबाला सहसा साधत नाही.

हे लिंबू निवडण्यातही रस आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले साई सरबती हे वाण रसाळपणासाठी शेतकऱ्यांच्या आवडीचे. पण बाजारात वाण विचारून लिंबू मिळत नाही, तेव्हा हाताला जड लागणारे, साल तुकतुकीत आणि पिवळेपणाकडे नुकतेच वळू लागलेले फळ उचलावे. उन्हाळ्यात भाव चढतात, कारण ते फळ हस्त बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचे, आणि हस्त बहार धरणे अवघड. छंदिष्टाला त्याच दिवसांत डायकिरीची ओढ सर्वाधिक असते, हा योग जुळवून घ्यावाच लागतो. लिंबू आडवे चिरावे, बिया अडवणाऱ्या दाबयंत्रात एकदाच, ठाम हाताने दाबावे. शेवटच्या थेंबासाठी पिळत राहिले की सालीखालच्या पांढऱ्या भागाची कडवटाई रसात उतरते. आणि रस अगदी शेवटी काढावा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी आंबटच असतो, पण त्यातला तो वरचा, उडता गंध निघून गेलेला असतो, आणि डायकिरीला नेमका तोच हवा असतो.

रमविषयी आपण थोडक्यात बोलू. साखर कारखान्यात रवे वेगळे झाल्यावर जी काळी, दाट, किंचित कडसर मळी उरते ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून बहुतेक रम होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मळीचा वास वर्णून सांगावा लागत नाही. फाकुंदो बकार्डी मासो याने १८६२ मध्ये सांतियागो दे क्यूबात जो कारखाना काढला, त्याने या मळीच्या भरड मद्याला कोळशातून गाळून, पिंपात मुरवून हलके आणि स्वच्छ रूप दिले. दाइकिरी गाव तिथून फार दूर नाही. त्या हलकेपणामुळेच लिंबाला वर यायला जागा मिळाली. पांढऱ्या रमऐवजी आपली काळी, व्हॅनिलाच्या वासाची ओल्ड मंक घातली तर पेय बिघडते असे नाही. मात्र मग लिंबू मागे सरते, गुळाची सावली पुढे येते आणि हाती येते ते दुसरेच काही, पावसाळ्यात अधिक शोभणारे.

साखरेचे काम गोडीपुरते नाही. थंड आणि मद्ययुक्त द्रवात ती लवकर विरघळत नाही, म्हणून समभाग साखर आणि पाणी एकत्र ढवळून, उकळी न आणता केलेला पातळ पाक घरी सोयीचा पडतो. तो एकतारीच्याही कितीतरी अलीकडचा असावा, बोटांना चिकटेल इतपतच. बाजारच्या पिठीसाखरेत पुष्कळदा मक्याचे पीठ असते, ती टाळलेली बरी. साखरेमुळे पेयाला अंग येते, जिभेवर ते क्षणभर थांबते. लिंबू सरबत करताना आई साखरेनंतर मिठाची चिमूट टाकते आणि सरबत एकदम जागे होते, तसे डायकिरीतही चिमटीतल्या चिमटीएवढे मीठ घालून पाहावे: खारेपणा कळत नाही, पण कडवट कडा मऊ होते आणि लिंबू अधिक लिंबासारखे लागते. संहितेत हे मीठ नाही. माझ्या प्याल्यात असते.

आता पाठभेद. डेव्हिड एम्बरी हा न्यूयॉर्कचा वकील, मद्याच्या धंद्याशी संबंध नसलेला, घरच्या यजमानपणात रमणारा गृहस्थ. त्याने १९४८ मध्ये पेये मिसळण्याच्या कलेवर जो ग्रंथ लिहिला तो आजही या छंदाचा आधारग्रंथ मानला जातो. त्याने सहा मूळ कॉकटेल मानली आणि त्यांत डायकिरीला स्थान दिले. त्याचे प्रमाण आठ भाग मद्य, दोन भाग आंबट, एक भाग गोड. ६० मिली रमला हे लावले तर १५ मिली लिंबू आणि साडेसात मिली पाक: कोरडी, करारी, रमचाच स्वर वर ठेवणारी डायकिरी. संघटनेच्या संहितेत लिंबू २० वर जाते. आजच्या पुष्कळ बारमध्ये लिंबू आणि पाक दोन्ही २२ मिलीच्या आसपास असतात, आणि पेय अधिक गोलसर, अधिक लोभस होते. हवानाच्या एल फ्लोरिदिता बारमध्ये कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा याने चुरलेल्या बर्फासह यंत्रात घुसळून तिची हिमासारखी भुरभुरीत रूपे घडवली. हेमिंग्वेसाठी तिथे साखर वगळून रम दुप्पट होई. यांतला शुद्ध पाठ कोणता, हा प्रश्न विचारण्यात फारसा आनंद नाही. एका संध्याकाळी दोन पाठ शेजारी ठेवावेत, दोघांत वाटून, छोट्या घोटांनी चाखावेत. १५ आणि २२ यांमधले सात मिली म्हणजे दीड चमचाही नाही, पण तेवढ्यात माणसाचा स्वभाव बदलावा इतका पेयाचा बदलतो. अशा वेळी जिगर, म्हणजे दोन तोंडांचे ते मोजमाप, या छंदातले सर्वांत प्रामाणिक साधन वाटू लागते. आपल्याकडे ३० आणि ६० च्या पेगची सवय इतकी मुरलेली आहे की पाच मिलीचा विचार करायला हात सुरुवातीला तयार होत नाही. तो तयार झाला की खरे शिक्षण सुरू होते.

आणि आता शेकर. रम, लिंबू, पाक यांवर बर्फ काठोकाठ भरला, झाकण ठोकून बसवले आणि दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर हलवायला घेतले की पुढच्या दहा-बारा सेकंदांत जे घडते, ते या साऱ्या रसव्यापाराचे मर्म आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. बर्फाच्या नुसत्या स्पर्शाने पेय फारसे गार होत नसते, वितळण्याने होते. थंडावा आणि पाणी अशी वेगवेगळी मागणी इथे करताच येत नाही. पाणी नको म्हणून हात आखडला तर पेय कोमट आणि भडक राहते. मद्यामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो, म्हणून शून्य अंशाच्या बर्फाशी झगडता झगडता ते शून्याच्याही खाली, पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, आणि तेवढ्या वेळात मूळ मिश्रणाच्या जवळपास निम्मे पाणी त्यात मिसळलेले असते. ४२.८ टक्के मद्यांशाची आपल्याकडची रम अशा रीतीने प्याल्यात येईतो वीस टक्क्यांच्या आसपास येते. तिचा दाह निवतो, आणि त्या दाहाखाली दबलेले गंध मोकळे होतात. केळ्याची, नारळाची, ओल्या उसाच्या कांड्याची जी पुसट जाणीव चांगल्या पांढऱ्या रममध्ये असते, ती मला निव्वळ रममध्ये कधी भेटली नाही, डायकिरीत भेटते.

आपण ऐकायला शिकलो तर शेकर स्वतःच सगळे सांगतो. आरंभी बर्फाचे खडे टणटण आदळतात, मग कडा झिजतात, नाद दाट आणि मऊ होतो. हाताला धातू चिकटू पाहतो. मुंबईच्या दमट हवेत डब्यावर क्षणात दव धरते आणि त्याचे हिम होते, विदर्भातल्या कोरड्या एप्रिलमध्ये तेच दव उशिरा आणि विरळ येते. बारा-पंधरा सेकंदांनंतर आणखी हलवून फार काही साधत नाही, कारण गार होण्याचा आणि वितळण्याचा वेग तोवर मंदावलेला असतो. बर्फाची स्थिती मात्र फार महत्त्वाची. बादलीत काढून ठेवलेला, अंगावर पाणी सुटलेला बर्फ शेकरमध्ये पडला की ते सुटे पाणी गारवा न देताच पेयात शिरते. म्हणून ट्रे थेट फ्रीजरमधून यावा. घरच्या फ्रीजरमध्ये सुकटीची किंवा बोंबलाची पुडी असेल तर बर्फ तो वास निमूटपणे घेतो, तेव्हा ट्रेला झाकण असलेले उत्तम. आणि ज्यांना काचेसारखा नितळ बर्फ हवा असतो, त्यांच्यासाठी कोकणातून मासळी येते तसा थर्मोकोलचा डबा उपयोगी पडतो: वरचे झाकण काढून त्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवावे, म्हणजे गोठणे फक्त वरून खाली सरकते, हवा आणि क्षार तळाकडे ढकलले जातात आणि वरचा भाग स्वच्छ निघतो. डायकिरीला अशा बर्फाची गरज नाही, तो शेकरमध्ये फुटणारच आहे. व्हिस्की, साखर आणि बिटर्सच्या ओल्ड फॅशन्डमध्ये मात्र तोच शोभतो, कारण तिथे पाण्याने पिणाऱ्याच्या समोर, घोटाघोटाने, सावकाश यायचे असते.

हलवण्यातून पाण्याबरोबर हवाही येते. लिंबाच्या रसातल्या गरामुळे बारीक बुडबुडे धरून राहतात, पेय धूसर, मोतिया रंगाचे होते आणि वर फेसाची पातळ साय जमते. स्प्रिंगच्या गाळणीतून ओतताना खाली चहाची बारीक गाळणी धरावी की नाही, यावर छंदिष्टांत मतभेद आहेत. बर्फाच्या सुईसारख्या चकत्या काहींना जिभेवर हव्याशा वाटतात. मला गाळलेली डायकिरी आवडते, तिची साय अखंड राहते. उथळ, लांब दांडीचा कूप प्याला अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेला असावा आणि दांडीलाच धरावा, कारण हाताची ऊब या पेयाची सर्वांत मोठी वैरीण.

पहिल्या घोटात काय येते? ओठाला फेसाचा गारवा, मग लिंबाची लख्ख रेघ, तिच्या मागोमाग साखरेचा मऊ आधार, आणि गिळल्यानंतर श्वासाबरोबर परत येणारी रम. पण असे वेगवेगळे सांगणे ही लिहिण्याची सोय आहे. अनुभव एकसंध असतो. काव्यातला रस कसा प्रतीत होतो हे सांगताना अभिनवगुप्तांच्या परंपरेने दृष्टान्त घेतला तो पानकरसाचा: खडीसाखर, मिरी असे भिन्न गुणांचे पदार्थ मिसळून केलेल्या पेयाची जी चव, ती त्यांतल्या कुणा एकाची नसते आणि बेरीजही नसते. रसिकतेची एवढी सूक्ष्म मीमांसा करणाऱ्या आचार्यांना उदाहरण सुचले ते मिसळलेल्या पेयाचे, याचा या छंदातल्या माणसाला हर्ष व्हावा. आणि पानकात या भिन्न चवींना एकत्र आणणारे माध्यम पुन्हा पाणीच.

महाराष्ट्रात रमसारख्या मद्याला वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ पासून चालत आलेला परवानाही. तो काढावा आणि निश्चिंतपणे मोजकेच करावे. हे पेय प्रमाणातच खुलते. ते दहा मिनिटांचे आहे, त्यानंतर साय विरते आणि लिंबू बोथट होते, म्हणून एकेका पाहुण्यासाठी एकेक, त्याच्या समोर हलवून द्यावे. एम्बरीच्या वकिली घरात ते असेच होत असणार, अशी माझी कल्पना आहे.

डायकिरीचा हात बसला की एका चौकटीतून किती घरे उभी राहतात ते दिसू लागते. रमच्या जागी टकीला, साखरेच्या जागी संत्र्याचे लिक्युअर, म्हणजे मार्गारिटा. कोन्याक आणि पिवळे लिंबू घेतले की साइडकार. मार्टिनी आणि मॅनहॅटन यांत लिंबाचा रस नाही, म्हणून ती हलवत नाहीत, लांब चमच्याने शांतपणे ढवळतात. पाणी कमी उतरते, हवा शिरत नाही आणि पेय नितळ राहते. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये मिळणारा हुर्राक या चौकटीत बसवायचा मोह होतो, पण काजूच्या बोंडाचे ते पहिले ऊर्ध्वपातन मुळातच सौम्य. शेकरमधले पाणी त्याला बुडवते. तो बर्फावर ओतून, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून गोवेकर घेतात तसाच घ्यावा. फेणीचे मात्र जमते. तिचा गंध इतका बलवान की ६० ऐवजी ४५ मिली पुरते, पाक थोडा वाढवावा लागतो, आणि शेकर नेहमीपेक्षा तीन-चार सेकंद जास्त हलवावा, कारण फेणी पाणी मागते आणि मिळाले की काजूच्या बोंडाचा तो पिकलेला, तुरट-गोड वास उग्रपणा सोडून सुगंध म्हणून वर येतो.